निर्वातावर चालणारी कुलपे

डीझेल एंजिनात हवेचा मार्ग रोखणारी झडप नसते. त्यामुळे पेट्रोल एंजिनाप्रमाणे त्यात निर्वात आपोआप निर्माण होत नाही. म्हणून १९७६ साली प्रथम निघालेल्या मर्सिडीज-बेंझ डब्ल्यू १२३ मालिकेतील डीझेल मोटारींत एंजिनाने चालणारा स्वतंत्र निर्वात-पंप असतो. सर्व दारांना एकदम लागणारी कुलपे असल्यास ती, आणि एंजिन बंद करण्याची योजना, दोन्ही त्याच निर्वातावर चालतात. साहजिकच दारातील एखादा रबरी पडदा फाटला, तर किल्ली फिरवूनही एंजिन चालूच राहू शकते.

अशा वेळी एकेक नळी सोडवून तिला मापक असलेला हातपंप जोडावा व हवा शोषून घ्यावी. काटा स्थिर राहिल्यास तो भाग निर्दोष समजावा; घसरल्यास गळती तेथेच आहे. तात्पर्य, एंजिन उघडण्यापूर्वी दारे तपासावीत.