गिटारच्या मानेचे लेपन

गिटारच्या मानेचे लेपन म्हणजे घाम, मळ व हवेतील ओलावा यांपासून संरक्षणासाठी मानेच्या कोऱ्या लाकडास दिलेला तेलाचा, लाखेचा किंवा लॅकरचा हात होय. मान बहुधा मेपल अथवा महॉगनीची असते. कोरे मेपल हाताच्या मळाने लवकर काळवंडते. शिवाय ओलाव्याने लाकूड हलते आणि मान वाकली की तारांची उंची बदलते. तारांखालची रोझवूडची पट्टी मात्र मुळात तेलकट असल्याने सहसा कोरीच ठेवतात.

नायट्रोसेल्युलोज लॅकर व पॉलियुरेथेन यांचा थर लाकडावर पापुद्र्यासारखा बसतो. पॉलियुरेथेन अधिक टिकाऊ असते, परंतु चकचकीत थरावर घामेजलेला अंगठा अडखळतो. म्हणून अनेक वादक मानेची मागील बाजू बारीक काचकागदाने घासून मंद करतात. टंग किंवा जवसाचे तेल लाकडात मुरते. स्पर्श कोऱ्या लाकडासारखा राहतो, पण संरक्षण कमी मिळते व तेलाचा हात अधूनमधून पुन्हा द्यावा लागतो. पहिलाच प्रयत्न असल्यास तेल बरे, कारण चूक घासून काढता येते.

तेल लावण्यापूर्वी रोझवूडची पट्टी चिकटपट्टीने झाकतात. मान लाकडाच्या रेषांच्या दिशेने सुमारे ३२० क्रमांकाच्या काचकागदापर्यंत घासून धूळ पुसतात. मग कापडाने तेल पातळ चोळून काही मिनिटांनी उरलेले टिपून घेतात. पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा देतात.

तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवणे धोक्याचे आहे. विशेषतः जवसाचे तेल वाळताना प्राणवायूशी संयोग पावून उष्णता निर्माण करते. ती बोळ्यात साठल्यास चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्यामुळे त्या उघड्यावर सुट्या पसरून वाळवतात किंवा पाण्यात बुडवून ठेवतात.