घाटाखालचं खारं भात

खंडाळ्यात नागफणीच्या बाजूला उभं राहून पश्चिमेला पाहिलं की पायथ्याशी खोपोली दिसते. लोणावळा, वळवणच्या तलावांत अडवलेलं पावसाचं पाणी १९१५ पासून टाटांच्या नळांतून तिथं उतरतं, वीज करतं आणि पाताळगंगेतून धरमतरच्या खाडीकडे जातं. त्या खाडीच्या दोन्ही काठांना पेण-अलिबागचा खारेपाट आहे. माझी आत्या तिथं दिली होती.

मे महिन्यात तिच्या दारापुढची शेतं भेगाळलेली असायची आणि भेगांच्या कडांवर पांढरा थर चढलेला असायचा. बोट लावून जिभेवर ठेवलं तर खारट. ऊन जमिनीतली ओल वर ओढतं, पाणी उडून जातं आणि मीठ मागं राहतं, हे मला पुढं कळलं. तेव्हा नवल एवढंच वाटायचं, की दिवाळीला आलो तेव्हा याच मातीत भात उभं होतं!

ही सगळी पावसाची करणी. जून-जुलैच्या सरी वरचं मीठ धुऊन बांधातल्या दारातून, म्हणजे उघाडीवाटे, खाडीत काढतात आणि शेतात तुंबलेलं गोडं पाणी उरलेल्या मिठाला खाली दाबून धरतं. भाताला मीठ दोनदा जास्त बाधतं, रोप कोवळं असताना आणि पीक फुलोऱ्यात असताना. बी रुजताना मात्र ते बरंच सोसतं. खारेपाटात लावणीऐवजी मोड आलेलं बी चिखलात फेकायची रीत आहे, तिला रहू म्हणतात. काळा रता, भुरा रता ही इथली जुनी वाणं. कोण्या एका शास्त्रज्ञानं ती घडवली नाहीत. मिठात जे तगलं त्याचंच बी पुढच्या वर्षाला ठेवत गेलेल्या शेतकऱ्यांची ती कमाई. राजस्थानच्या कोरड्या, खाऱ्या मातीतला खारचिया गहू आणि केरळातलं पोक्कळी भातही असंच टिकलं, आणि आज खारं सोसणारं नवं वाण शोधणारे जगभरचे संशोधक या दोघांकडे जातात.

१९६६ मध्ये फिलिपिन्समधून आयआर-८ हे बुटकं, भरघोस भात आलं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रात त्याचा भुऱ्या रत्याशी संकर झाला आणि १९८४ मध्ये पनवेल-१ बाहेर पडलं. तीन वर्षांनी, १९८७ मध्ये, घाटावर वडगाव मावळच्या केंद्रातून इंद्रायणी आलं, आंबेमोहर-१५७ आणि त्याच आयआर-८ च्या संकरातून. म्हणजे दोघांचं एका बाजूचं रक्त एकच. वासामुळं इंद्रायणीचं नाव शहरांत झालं, पनवेल-१ चं नाव शेतकऱ्यांपुरतंच राहिलं. मी मावळचा, इंद्रायणीवर वाढलेला. तरी मला वाटतं, जास्त अवघड काम खालच्यानं केलं.

पण वाणानं किती सोसावं? बांध फुटून उधाणाचं पाणी शेतात शिरलं, की रताही जातं आणि पनवेल-१ ही. खारेपाटाचं भात बांधावर उभं आहे, आणि बांध माणसांवर. ही शेतं खाडी थोपवून कुळांनी घडवली, पीक मात्र खोताच्या कणगीत जायचं. म्हणून १९३३ मध्ये अलिबागजवळ चरीला नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी संप केला. पंचवीस गावांनी १९३९ पर्यंत शेतं पडीक ठेवली, लाकूडफाटा नि मासळीवर दिवस काढले, पण खोताची जमीन कसली नाही. पुढं १९४८ चा खार जमीन कायदा आला, १९७९ चा आला, आणि बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली. त्याची गरजच होती. पण त्याबरोबर खांड पडली की घरटी एक माणूस घमेलं घेऊन धावायची सवय ढिली झाली, आणि हे नुकसान मला मोठं वाटतं. आता फुटके बांध वेळेवर भरले जात नाहीत आणि कित्येक शेतांत कांदळवन उगवलंय. एकदा ते माजलं की कायद्यानं त्याला हात लावता येत नाही. कांदळवन राखायला हवंच, पण सात-बारावर भातशेती आणि जागेवर तिवरं अशा शेतकऱ्यानं काय करायचं, याचं उत्तर कुणीतरी द्यायला हवं.

२००८ च्या सप्टेंबरात, जमिनी सेझला (विशेष आर्थिक क्षेत्राला) द्यायच्या का, यावर पेण तालुक्यातल्या बावीस गावांचं मत घेतलं गेलं. हेटवणे धरणाचं पाणी शेताला द्या, जमीन विकायची नाही, हे गावकऱ्यांचं म्हणणं होतं. शेजारून आमच्या तलावांचं पाणी बारमाही वाहतं आणि यांची शेतं जानेवारीपासून कोरडी पडतात, हे माझ्या मनातून जात नाही.

गेल्या भाद्रपदात आतेभावाबरोबर बांधावरून चाललो होतो. उधाणाची अमावस्या दोन दिवसांवर होती. मध्येच तो थांबला. खेकड्याच्या बिळातून बारीक धार आत येत होती. त्यानं खाली उतरून चिखलाचा मोठा गोळा उचलला, बिळात कोंबला, टाचेनं दाबला आणि वर पेंढा ठेवून पुन्हा दाबला. धार थांबेपर्यंत तो तिथंच बसून राहिला.