पॅच एका ओळीचा, विचार किती ओळींचा? वायफाय कोडमधल्या मेमरी-दुरुस्त्या

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने परवा विचारलं, "दादा, बग सापडला म्हणजे खरं काम झालंच ना? पॅच काय, एक 'इफ' टाकला की संपलं."

पहिल्या वर्षी मलाही असंच वाटायचं. माझ्या एका छोट्या पार्सरमध्ये क्रॅश सापडला, तर जिथे क्रॅश झाला तिथेच मी 'पॉइंटर नल आहे का' ही तपासणी घातली आणि खुशीत गाइडना मेल टाकला. दोन दिवसांनी तोच बग दुसऱ्या फंक्शनमधून वर आला. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: "ही मेमरी कोणाच्या मालकीची आणि कधीपर्यंत जिवंत, हे आधी कागदावर लिहून आण." सोबत त्यांनी काही पॅच वाचायला दिले. लिनक्स कर्नलच्या वायफाय कोडमधले, ऑक्टोबर २०२२ चे. तेच आज आपण बघूया.

आधी थोडी पार्श्वभूमी. राउटर साधारण दर १०० मिलिसेकंदांनी एक 'बीकन' फ्रेम हवेत सोडतो: मी इथे आहे, माझं नाव अमुक. या फ्रेममधली माहिती 'एलिमेंट'च्या रूपात असते. पहिला बाइट प्रकाराचा, दुसरा लांबीचा, मग डेटा. एकाच राउटरवर चार-पाच नेटवर्क असतील तर प्रत्येकाचा वेगळा बीकन पाठवण्यापेक्षा एकाच बीकनमध्ये सगळ्यांची माहिती कोंबायची सोय आहे. तिला मल्टिपल बीएसएसआयडी म्हणतात. लिनक्समध्ये हे पार्सिंग २०१९ मध्ये, ५.१ आणि ५.२ या आवृत्त्यांत आलं. आपले बहुतेक बग इथलेच.

आता यातली मेख बघा. बीकन वाचायला पासवर्ड लागत नाही. तुमचा लॅपटॉप नुसता आसपासची नेटवर्क शोधत असतो, तेव्हासुद्धा कोणाही अनोळखी माणसाने सोडलेली फ्रेम कर्नल उघडून वाचतो. म्हणजे रेंजमध्ये बसलेला माणूस, तुम्ही कशालाही कनेक्ट न होता, थेट कर्नलच्या मेमरीपर्यंत पोचू शकतो.

डार्मस्टाटच्या तांत्रिक विद्यापीठातले संशोधक झ्योंके हूस्टर यांना फझिंग करताना यातला पहिला बग सापडला. लिनक्सच्या वायफाय कोडचे मेंटेनर योहानेस बेर्ग यांच्यासोबत शोध पुढे गेला, तेव्हा आणखी निघाले. शेवटी पाच सीव्हीई क्रमांक झाले आणि दुरुस्त्या ५.१९.१६ मध्ये आल्या.

पहिला बग, सीव्हीई-२०२२-४१६७४, माझा सगळ्यात आवडता. एलिमेंट ओलांडून पुढचा डेटा कॉपी करायचा, म्हणून कोड म्हणतो: लांबी अधिक २. दोन बाइट प्रकाराचे आणि लांबीचे, बरोबरच आहे की! पण हे उत्तर ज्या व्हेरिएबलमध्ये ठेवलंय ते एकाच बाइटचं, म्हणजे ० ते २५५. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा ९९९९९ नंतर परत शून्यावर यायचा, तसंच. लांबी २५५ असेल तर २५७ ऐवजी उत्तर येतं १. बफर मात्र खऱ्या लांबीचा हिशोब करून घेतलेला. परिणाम: मेमकॉपी एलिमेंट ओलांडायच्या ऐवजी त्याच्या आतूनच सुरुवात करते आणि बरोबर २५६ बाइट जास्त ओतते, बफरच्या बाहेर.

अशा वेळी केएएसएएन (कर्नलमधला मेमरी-तपासनीस) बोट दाखवतो मेमकॉपीच्या ओळीकडे. आणि माझ्यासारखा नवशिका तिथेच 'लांबी २५३ पेक्षा जास्त असेल तर परत जा' असं लिहून मोकळा होतो. ओव्हरफ्लो थांबेल, हो. पण २५४ आणि २५५ या लांब्या नियमाप्रमाणे चालणाऱ्या आहेत. एखाद्या सरळमार्गी राउटरचा बीकन आपण विनाकारण फेकून देऊ. बेर्ग यांनी फक्त त्या व्हेरिएबलचा प्रकार बदलला, यू-८ चा साइझ-टी केला. एक ओळ, तीही क्रॅशच्या जागी नाही. फंक्शनच्या अगदी वर, जिथे व्हेरिएबल जाहीर केलंय तिथे.

दुसरा, सीव्हीई-२०२२-४२७१९, यूज-आफ्टर-फ्री. पार्सर एक तात्पुरता बफर घ्यायचा, उत्तराच्या स्ट्रक्चरमधले काही पॉइंटर त्या बफरच्या आत रोखायचे, आणि परत येण्याआधी बफर सोडून द्यायचा. पाहुण्याच्या हातात किल्ली दिली आणि घरच विकून टाकलं! इथे 'फ्री'ची ओळ काढून टाकली तर दरवेळी मेमरी गळत राहील. 'फ्री' करायचं काम फंक्शन वापरणाऱ्यांवर टाकलं तर त्यातला कोणीतरी कधीतरी विसरणारच. केलं काय, तर बफर वेगळा न घेता परत येणाऱ्या स्ट्रक्चरचाच भाग केला. आता दोघं एकत्र जन्मतात, एकत्र जातात. गाइडनी कागदावर लिहून आणायला सांगितलेल्या प्रश्नाचं उत्तर असं थेट कोडच्या रचनेतच बसलं. किंमतही होती बरं का: ५.१५ सारख्या जुन्या कर्नलमध्ये ही दुरुस्ती नेताना आधीचे साफसफाईचे पॅचसुद्धा सोबत न्यावे लागले.

तिसऱ्यात (४२७२०) रेफकाउंटचे घोळ आहेत, एक नाही तीन. वाचायला कंटाळवाणा, पण एक नमुना सांगतो. एका नोंदीतला पॉइंटर दुसरीत जसाच्या तसा कॉपी झाला, मोजणी मात्र वाढली नाही. मग ती दुसरी नोंद सोडताना कोणीच न वाढवलेली मोजणी कमी होते. सी भाषेत असाइनमेंट करताना मालकी आपोआप बदलत नाही, ती तुमच्या डोक्यातच असते. चौथा (४२७२१) लिंक्ड लिस्ट बिघडण्याचा. तिथे उपाय खरंच एका तपासणीचा होता, कारण तशी परिस्थिती मुळातच चुकीची होती. म्हणजे 'इफ' वाईट असं नाही; तो कधी लागतो हे कळायला हवं. पाचवा नल पॉइंटरचा, तो तुम्हीच वाचा.

वाचायचं कसं? कर्नलच्या गिटमध्ये हे कमिट शोधा. आधी फक्त संदेश वाचा, डिफ झाकून ठेवा, आणि आपला पॅच वहीत लिहा. मग उघडून जुळवा. खाली 'फिक्सेस' अशी ओळ असते, ती चूक आणणाऱ्या जुन्या कमिटकडे नेते. तोही बघा आणि स्वतःला विचारा, रिव्ह्यू करताना मला हे दिसलं असतं का? मला पहिल्या बगात दिसलं नसतं. करून बघायला वायफाय कार्डही लागत नाही: मॅक-८०२११-एचडब्ल्यूसिम नावाचं कर्नल मॉड्यूल खोटे रेडिओ तयार करतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये जुना कर्नल टाका, केएएसएएन चालू करून तो बांधा, आणि लांबी २५३ पासून एकेक वाढवत जा.