हाड दिलेला पाय

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैल घेणारा आधी त्याचे पाय बघतो. माणसाचेही तसेच आहे. पाय धड, तर शेत धड. म्हणून डॉक्टर म्हणाले, "जबड्यासाठी पायाचे हाड घेऊ," की घरची मंडळी घाबरतात. "आता हा चालणार कसा?"

तंबाखू, गुटखा खाऊन पुष्कळांना तोंडाचा कर्करोग होतो. रोग जबड्यात शिरला तर तेवढे हाड काढावे लागते. चेहरा खचतो, घास चावता येत नाही. मग पायाच्या हाडाचा नवा जबडा करतात. न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो या सर्जनने १९८९ साली ही रीत मांडली. आज मुंबईच्या टाटा रुग्णालयातही हे काम होते.

उसनवारी तशी जुनीच बरं का! पेशवाईत पुण्याकडे एका कारागिराने कावसजी नावाच्या गाडीवानाला कपाळाच्या कातडीचे नाक करून दिले. १७९४ साली लंडनच्या मासिकात त्याचे चित्र छापले. नाक आले, पण कपाळावर वण राहिला. जिथून घेतले तिथे काही तरी उणे होतेच.

गुडघ्याखाली दोन हाडे असतात. नडगीचे जाड हाड बहुतेक भार उचलते. बाहेरच्या बाजूचे बारीक हाड जबड्यासाठी घेतात. घोट्याजवळ निदान चार बोटे हाड ठेवतात, म्हणजे घोटा डगमगत नाही. वरचे टोकही ठेवतात, कारण तिथून पाऊल उचलणारी शीर जाते. हाडाबरोबर एक मोठी रक्तवाहिनीही जाते. पायात अशा तीन असतात. बाकीच्या दोन चांगल्या आहेत ना, हे आधी तपासतात. विडी ओढणाऱ्याच्या रक्तवाहिन्या बऱ्याचदा अरुंद झालेल्या असतात. त्याने विडी लपवली, तर पायाशीच खेळ.

पुढे बहुतेक माणसे चालतात. पण सगळ्यांचे लक्ष तोंडाकडे, आणि पाय पांघरुणाखाली! मांडीची कातडी काढून पायाच्या जखमेवर लावलेली असते. ती कधी धरत नाही, जखम महिनोन् महिने ओली राहते. अंगठा आकसतो. घोटा ताठरतो. पावलाची वरची बाजू बधिर होते, वहाण घासून फोड आला तरी कळत नाही. अंगठा आणि घोटा हलवण्याचा व्यायाम दवाखान्यात शिकवतात. घरी आल्यावर तो सुटतो, तिथेच पाय अडतो.

काही गोष्टींना मात्र एक रात्रही थांबू नये. पट्टीखाली पाय घट्ट होऊन असह्य दुखणे, बोटे गार किंवा काळीनिळी पडणे, जखमेतून पू आणि अंगात ताप. पोटरी एकाएकी सुजली किंवा दम लागला, तर रक्ताची गाठ झालेली असू शकते. पोटरी चोळू नका, लगेच दवाखाना गाठा.

नांगरटीला कधी जायचे, उकिडवे कधी बसायचे, हे डॉक्टरांना विचारा. तोवर ढेकळांतून चालताना हातात काठी असू द्या.