तुफानातला कप्तान: सिनेमातला आणि खरा

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. मोठं पाणी म्हणजे माजलगावचं धरण, नाहीतर गोदाकाठ. त्यामुळे तुफानातला कप्तान आपल्याला पडद्यावरच भेटतो, सुकाणूला मिठी मारून लाटांशी झुंजणारा. त्या चित्रातलं बरंचसं खोटं आहे.

वादळ आलं की जहाज बंदराकडे धावतं, असं आपल्याला वाटतं. मोठ्या जहाजांचं बरेचदा उलट असतं. धक्क्याला बांधलेलं जहाज लाटांनी धक्क्यावरच आपटतं, दोर तुटतात. म्हणून वेळ असेल तर ते खोल पाण्यात नेतात. तिथं नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, लाटेसमोर धरायची, इंजिन जेमतेम जोरावर ठेवायचं आणि वादळ सरेपर्यंत तग धरायचा. यात मर्दुमकी कमी, चिकाटी जास्त. इंजिन बंद पडलं की मात्र जहाज लाटेला आडवं होतं, आणि उलटण्याची भीती तेव्हा.

वादळ चहूबाजूंनी सारखंच, हाही गैरसमज. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या उलट फिरतात. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिलात तर केंद्र साधारण डाव्या हाताला येतं. वादळाच्या वाटेच्या उजव्या अंगाला वाऱ्याचं फिरणं आणि वादळाचं पुढे सरकणं यांची बेरीज होते. जाणता कप्तान ती बाजू टाळतो.

१७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबईच्या पश्चिमेकडून गुजरातकडे गेलं. मुंबईसमोरचं ओएनजीसीचं हिरा तेलक्षेत्र नेमकं त्या उजव्या अंगाला आलं. तिथं नांगरलेला ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला. त्याला सर्रास जहाज म्हटलं गेलं, पण त्याला स्वतःचं इंजिनच नव्हतं. कामगारांच्या मुक्कामासाठीचा तो तरंगता तळ. नांगर सुटले, तो तेलफलाटावर आदळला, भोक पडलं. त्यावर २६१ जण होते, बहुतेक वेल्डर, फिटर, स्वयंपाकी असे ठेक्यावरचे लोक. ‘आयएनएस कोची’, ‘आयएनएस कोलकाता’ आणि इतरांनी १८६ जणांना वाचवलं. ‘वरप्रदा’ ही टग, म्हणजे ओढनौका, हीही बुडाली, तिच्यावरच्या १३ पैकी दोघेच वाचले. दोन्ही मिळून ८६ जीव गेले. हवामान खात्याचा इशारा काही दिवस आधीच आलेला होता.

कप्तानानं जहाजाबरोबर बुडायचं असतं, असा कायदा कुठंही नाही. माणसांना वाऱ्यावर सोडून आधी निघून जाणं मात्र अनेक देशांत गुन्हा आहे. २०१२ मध्ये इटलीजवळ बुडालेल्या ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’च्या कप्तानाला १६ वर्षांची शिक्षा झाली, त्यात हाही आरोप होता.

उरतो सर्वात घट्ट रुजलेला गैरसमज: समुद्रावर कप्तानच राजा. कागदावर ‘सोलास’ हा आंतरराष्ट्रीय करार तसंच म्हणतो. सुरक्षेसाठी कप्तान जे ठरवेल, त्याला मालक आडकाठी करू शकत नाही. पण बिनइंजिनाचा तराफा हलवायला टग लागते, आणि काम थांबवायचं की नाही हे मूळ कंपनी, ठेकेदार, पोटठेकेदार अशा साखळीत ठरतं. मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या बीडच्या ऊसतोड कामगाराला ही साखळी समजावून सांगावी लागणार नाही.

दुर्घटनेनंतर चारेक दिवसांत मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला. त्यात नाव होतं ते तराफ्याच्या कप्तानाचं. तो तेव्हा बेपत्ता होता, आणि पुढे त्याचाही मृतदेहच मिळाला.