उडणाऱ्या इंजिनाची निवड

श्रोतेहो, पिकावर औषध मारायचा पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप आपल्यापैकी अनेकांनी पाठीवर घेतला असेल. विहिरीवरचे डिझेल इंजिनही आपल्या ओळखीचे आहे. पंप घेऊन एकटा माणूस शेतभर फिरतो. डिझेल इंजिन हलवायचे तर चार गडी लागतात. आता एका-दोघांना घेऊन उडणारे अतिहलके विमान किंवा लहान हेलिकॉप्टर बांधायचे झाले, तर इंजिन कसे घ्यावे? "हलके असेल ते घ्या," असे कोणीही म्हणेल. पण हे उत्तर अर्धेच खरे आहे.

आधी खरी अर्धी बाजू पाहू. राइट बंधूंना हवे तसे हलके इंजिन कोणत्याही कारखान्याकडून मिळेना. तेव्हा त्यांच्या दुकानातील कारागीर चार्ली टेलर याने ते घडवले. वजन सुमारे ८२ किलो आणि ताकद १२ अश्वशक्ती. त्यावर १७ डिसेंबर १९०३ रोजी विमानाने पहिली झेप घेतली, ती १२ सेकंदांची. हिशेब केला तर एका अश्वशक्तीमागे जवळजवळ ७ किलो वजन पडले. आज लहान विमानांना बसवतात त्या ऑस्ट्रियातील रोटॅक्स ९१२ जातीच्या १०० अश्वशक्तीच्या इंजिनाचे वजन सुमारे ६० किलो भरते, म्हणजे अश्वशक्तीमागे ६०० ग्रॅम! तेव्हा निवडीचा पहिला प्रश्न हाच: एका अश्वशक्तीमागे वजन किती?

दुसरा प्रश्न भरवशाचा. फवारणी पंपाचे इंजिन बहुधा टू-स्ट्रोक असते. त्यात दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा स्फोट होतो. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एकदा. शिवाय त्यात झडपांचा पसारा नसतो. म्हणून ते लहान, हलके आणि जोरकस. पण त्याचे वंगण पेट्रोलमधूनच जाते. बहुधा पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल. तेल घालायचे राहिले, किंवा कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकून पेट्रोल कमी पडले, की पिस्टन तापून फुगतो आणि जागीच जाम होतो. शेतात असे झाले तर पंप बांधावर ठेवून मिस्त्रीकडे जाता येते. आकाशात बांध कुठला?

रोटॅक्सचेच ५८२ हे ६५ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन पुष्कळ हलक्या विमानांवर बसलेले आहे. ते ३०० तासांनी पूर्ण खोलावे लागते. ९१२ च्या नव्या इंजिनांना ही मुदत २००० तासांची आहे. मग टू-स्ट्रोक घेतात तरी कशाला? वजनाच्या मर्यादेमुळे. अमेरिकेच्या १९८२ च्या नियमाप्रमाणे एका माणसाच्या अतिहलक्या विमानाचे रिकामे वजन ११५ किलोच्या आत असावे लागते. त्यात ६० किलोचे इंजिन बसवले तर निम्म्याहून जास्त वजन इंजिनातच गेले. दोन माणसांच्या यंत्राला मात्र फोर-स्ट्रोक परवडते. भारताने २०१५ साली हवाई दल, नौदल आणि एन.सी.सी.साठी मागवलेल्या पिपिस्ट्रेल व्हायरस विमानांना ९१२ जातीचेच ८० अश्वशक्तीचे इंजिन आहे.

तिसरा प्रश्न: पूर्ण जोर किती वेळ टिकतो? मोटारसायकल पूर्ण ताकदीने क्वचितच धावते. हेलिकॉप्टर जागच्या जागी तरंगताना मात्र सगळा भार फिरत्या पात्यांवर असतो आणि इंजिनाला क्षणाची उसंत नसते. इंजिन थांबलेच, तर विमान निदान तरंगत खाली येते. हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला एक-दोन सेकंदांत पात्यांचा कल कमी करावा लागतो. मग पंखाचे बी भिरभिरत उतरते तशी पाती खालच्या हवेने फिरत राहतात. तेवढी वेळ साधली नाही, तर पुढे उपाय नाही. म्हणूनच रॉबिन्सन आर-२२ या लहान हेलिकॉप्टरच्या सुरुवातीच्या काही नमुन्यांत १६० अश्वशक्तीच्या जातीचे इंजिन घेऊन त्याच्याकडून उड्डाणाच्या वेळी १३१ अश्वशक्तीच मागितली. शहाणा शेतकरी बैलाला त्याच्या ताकदीइतके ओझे कधी लादत नाही, त्यातलाच हा प्रकार.

आपल्याकडेही खेड्यातील हुशार तरुण गाडीचे इंजिन जोडून हेलिकॉप्टर बांधतात. अशाच एका चाचणीत २०२१ साली विदर्भात एका कारागिराचा जीव गेला. तिथे पाते तुटले होते. इंजिन चांगले असले तरी दांडा, गिअर आणि पाती त्याच तोलाची हवीत, हे त्यातून शिकायचे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, अशा मुलाचा उत्साह मोडू नका. त्याच्यापुढे आपले तीन प्रश्न ठेवा: वजन किती, भरवसा किती, जोर किती वेळ? आणि चौथा प्रश्न तोंडपाठ करून घ्या: इंजिन आत्ता बंद पडले, तर मी कुठे उतरणार? ह्याचे उत्तर तयार नसेल, तर यंत्र जमिनीवरच बरे.