लाल दिव्यावरचे वळण

माझी भाची न्यू जर्सीत एडिसनला राहते. काही वर्षांपूर्वी तिच्याकडे गेलो असता एका चौकात तिने लाल दिव्यापाशी गाडी थांबवली, डावीकडे नजर टाकली आणि दिवा लाल असतानाच उजवीकडे वळण्यासाठी गाडी पुढे घेतली. तेवढ्यात बॉनेटवर कुणाचा तरी हात आपटला. उजव्या पदपथावरून एक वृद्ध बाई रस्ता ओलांडायला उतरल्या होत्या आणि पादचाऱ्यांचा दिवा त्यांच्या बाजूने होता. लागले काही नाही. काचेतून आमच्याकडे एकदा रोखून पाहून त्या निघून गेल्या. "मामा, मला त्या दिसल्याच नाहीत," भाची म्हणाली. ती बेदरकार गाडी चालवणारी नव्हे. लाल दिव्यावर पूर्ण थांबून, वाट मोकळी असल्यास उजवीकडे वळायला त्या राज्यात परवानगी आहे. हा नियम मुळात आला कुठून, हा प्रश्न मात्र परत आल्यावरही माझ्या डोक्यातून जाईना.

उत्तर वाहतूकशास्त्रात सापडेल असे वाटले होते. सापडले तेलाच्या इतिहासात. कॅलिफोर्नियासारख्या पश्चिमेकडच्या राज्यांत ही मुभा आधीपासून होती. पूर्वेकडची राज्ये तिच्याकडे संशयाने पाहत. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेची तेलकोंडी केली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि रिकाम्या चौकात लाल दिव्यापुढे इंजिन चालू ठेवून उभी असलेली गाडी सरकारच्या डोळ्यांत खुपू लागली. डिसेंबर १९७५ मध्ये अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ऊर्जा धोरण व बचत कायद्यावर सही केली. ऊर्जाबचतीसाठी केंद्राचे अर्थसाह्य हवे असेल, तर राज्यांनी काही गोष्टी करायच्या होत्या: सार्वजनिक इमारतींतल्या दिव्यांसाठी कार्यक्षमतेची मानके, इमारतींतील उष्णतेची गळती रोखणारे निकष, एका गाडीतून अनेकांनी जाण्याला उत्तेजन, आणि सुरक्षिततेला धरून शक्य असेल तितके, लाल दिव्यावर उजवे वळण. रस्त्यावर कुणी कधी थांबायचे हा प्रश्न असा दिव्यांच्या आणि भिंतींच्या यादीत जाऊन बसला. १९८० च्या आरंभी मॅसॅच्युसेट्सनेही मान तुकवली आणि सगळी राज्ये आली. न्यूयॉर्क शहर तेवढे आले नाही. तिथे आजही फलक नसेल तर लाल दिव्यावर वळता येत नाही, त्यामुळे हडसन नदी ओलांडली की भाचीला नियम उलटा करून वापरावा लागतो. (वुडी ॲलनच्या 'ॲनी हॉल' या १९७७ च्या चित्रपटात लॉस एंजेलिसची थट्टा करताना याच मुभेवर एक विनोद आहे. तो न्यूयॉर्ककराला सुचावा, हे साहजिकच.)

आता त्या बाई का दिसल्या नाहीत, ते पाहू. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. लाल दिव्यावर उजवीकडे वळणाऱ्याला धोका असतो तो डावीकडून येणाऱ्या गाड्यांचा, म्हणून त्याची मान डावीकडे वळलेली असते. त्या गाड्या नीट दिसाव्यात म्हणून तो हळूहळू पुढे सरकतो आणि पादचारीपट्ट्यांवर येऊन उभा राहतो. नेमक्या त्याच वेळी त्या पट्ट्यांवरून जायची पाळी पायी चालणाऱ्यांची असते. उजवीकडून उतरणारा माणूस त्याच्या नजरेच्या पाठीमागे असतो. म्हणजे चालकाने काळजी घेतली तरी ती चुकीच्या दिशेला खर्च होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काही राज्यांतील पोलीस नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा ही मुभा आल्यानंतर उजव्या वळणावर पादचाऱ्यांना आणि सायकलस्वारांना होणारे अपघात वाढल्याचे दिसले. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९९५ मध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे ठेवलेल्या सरकारी अहवालानुसार, एकूण अपघाती मृत्यूंत अशा वळणांचा वाटा अत्यल्प होता. तो अहवाल वाचताना मला बॉनेटवरचा हात आठवत होता. असे प्रसंग कुठल्याच तक्त्यात येत नाहीत.

जर्मनीची गोष्ट वेगळी आहे. पूर्व जर्मनीने १९७८ मध्ये लाल दिव्याशेजारी काळ्या पाटीवर हिरवा बाण लावायला सुरुवात केली. पाटी असेल तिथे लाल दिव्यावरही वळता येई. एकीकरणानंतर ही पाटी जाणार होती; लोकांना ती हवी होती, म्हणून १९९४ मध्ये ती साऱ्या जर्मनीच्या नियमांत आली. पूर्वेकडून पश्चिमेकडे गेलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक. पण थांबण्याची अट तिच्यातून सुटली नाही.

आपल्याकडे सुटली ती नेमकी हीच. आपण डावीकडून चालतो, म्हणून इथे प्रश्न डाव्या वळणाचा. लाल दिव्यावर डावीकडे वळायला आपल्या कायद्याने सरसकट परवानगी नाही. तसा फलक किंवा हिरवा बाण असेल तिथेच ती आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा तोडणे धोकादायक वाहनचालनात मोडते. तरीही 'फ्री लेफ्ट' हा हक्क असल्याची आपली खात्री आहे, आणि जो डाव्या रांगेत थांबतो त्याला मागून हॉर्नच्या शिव्या पडतात. अमेरिकी चालकाने निदान थांबायचे असते. आपल्या 'फ्री'मध्ये थांबणे बसतच नाही. मान उजवीकडे, पाय ॲक्सिलरेटरवर.

मोठ्या चौकांत तर डाव्या वळणासाठी त्रिकोणी बेट बांधून वेगळी वाटच काढून देतात. त्या वाटेवर बहुधा सिग्नल नसतो. पदपथापासून बेटापर्यंतच्या त्या चार-पाच मीटरांत पादचाऱ्याची पाळी कधी येतच नाही, कारण गाड्यांना तिथे लाल दिवा नाही. आमच्या चौकात शाळा सुटली की मोठी मुले लहानांचा हात धरतात, दुसरा हात गाड्यांसमोर धरतात आणि ती वाट ओलांडतात. बेटावर पोहोचल्यावर मग ती हिरव्या माणसाची वाट बघत उभी राहतात.